‘इतर’मध्ये टाकलेला वाघ

जंगलात शिरलेला माणूस वाघाला वाघ म्हणतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं? मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी कुरखेड्याच्या जंगलाकडचाच, तरी चूक माझ्याच हातून झाली.

मोहफुलांच्या दिवसांत जनावर दिसलं की आमच्याकडचे लोक एका नंबरवर फोन करतात. बोलण्यातले शब्द जुळवून नोंद आपोआप होते आणि आसपासच्या गावांना मोबाईलवर इशारा जातो. याचा डेटाबेस मी बांधला होता. तो इतका हळू चालायचा, की इशारा पोचेपर्यंत फुलं वेचणाऱ्या बाया झाडाखाली पोचलेल्या असायच्या. म्हणून मी पद्धत बदलली. आपण फक्त आराखडा काढायचा: गाव, जनावर, वेळ, कशाचा कशाशी संबंध. त्यावरून सॉफ्टवेअर स्वतः कोड लिहितं. काय वारंवार विचारलं जातं ते पाहून तेवढं हाताशी ठेवतं, बाकीचं मागच्या साठ्यात ढकलतं. इशारे क्षणात जाऊ लागले. मी छाती काढून फिरलो.

आराखड्यात जनावरं चार होती: वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर. पाचवा खाना ‘इतर’. तो कुणी विचारत नाही, हे यंत्रानं शिकून घेतलं. मागचा साठा संध्याकाळी एकदाच वाचला जायचा.

मग एका सकाळी एकानं फोनवर सांगितलं, “नाल्यापाशी मोठा बसून राह्यला.”

‘मोठा’ हा शब्द आराखड्यात नव्हता. नोंद ‘इतर’मध्ये गेली, इशारा कुणालाच गेला नाही.

वडिलांची वहिनी, माझी मोठी माय, नाल्यापाशी वाकून फुलं वेचत होती. त्यानं मागून मानेवर झेप घेतली. ती टोपलीकडे वळली म्हणून दात खांद्यात घुसले. हाड मोडल्याचा आवाज दोन झाडं पलीकडच्या बायांनी ऐकला. त्यांनी दगड, टोपल्या, कुऱ्हाड, हाती लागेल ते फेकलं. दहा हात फरफटत नेल्यावर त्यानं तिला सोडलं. रक्तात चिकटलेली फुलं पाठीवरून एकेक करून काढावी लागली. डावा हात खांद्यापासून गेला.

दवाखान्यात मी म्हणालो, “मोठी माय, त्या माणसानं सरळ वाघ म्हणायचं होतं.”

“जंगलात त्याचं नाव घेतेत का रे? नाव घेतलं का येते तो.”

“नाई घेतलं तरी आलाच ना.”

“तुह्या मशीनले आमची बोली समजत नाई, त तिले शिकव. मले काऊन शिकवतं?” उरलेल्या हातानं तिनं माझा कान पिळला. “बापाची चळवळीतली पत्रकं वाचून मोठा झाला म्हणे. लोकाईचं आयकाव, हे नोतं का त्याईत?”

घरी येऊन मी आराखडा उघडला. संताप इतका होता की अक्षरं नीट दिसेनात. ‘मोठा’ वाघाच्या खान्यात घातला. खाली नियम लिहिला: माणसाच्या जिवाशी गाठ असलेली नोंद, कितीही क्वचित विचारली गेली तरी, मागे ढकलायची नाही. यंत्रानं सगळा कोड नव्यानं लिहिला. आता ते थोडं हळू चालतं. चालू दे. मोठी माय पुढच्या मोसमात एका हातानं फुलं वेचायला जाणारच आहे.

तुम्हीही कुठे हजेरी, औषधं, तक्रारी नोंदवत असाल. आज तिथलं ‘इतर’ उघडा. त्यातली एक तरी नोंद वाचा, आणि ती सांगणाऱ्या माणसाला फोन करून विचारा, त्याला काय म्हणायचं होतं.