यादीतलं अकरावं नाव

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. तुमचे अनुभव वाचताना दर वेळी मनात हेच यायचं, की झोप झाली नसेल, वारा असेल, कुणीतरी मीठमसाला लावला असेल. माझा विषय सोशिऑलॉजी. कुणी काही सांगितलं की आधी साधं कारण शोधायचं, ही सवय लागलीये. या एका गोष्टीचं कारण मात्र दीड वर्ष शोधतेय... शाळा इंग्लिश मीडियमची, लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नांदेडची. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी डिझर्टेशनसाठी साठीपुढच्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. त्यांनी आयुष्यभर केलेली कामं, हा विषय. गाव निलंगा तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीजवळचं. गावाचं नाव सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. बायकांचीही नावं देणार नाही. का, ते कळेलच.

फील्डला जाण्याआधी एथिक्सचा फॉर्म भरावा लागतो. खरी नावं कुठेही येणार नाहीत, असं त्यात लिहून द्यायचं. आमच्या गाइड मॅडम कडक.

"नंतर ठरवू, असं चालणार नाही. खोट्या नावांची यादी आत्ताच कर. दहा, आणि एक जास्तीचं. जिची मुलाखत पहिली, तिला पहिलं नाव. निवडत बसायचं नाही. आणि ती यादी मलासुद्धा दाखवायची नाही."

ती यादी मी घरी डायनिंग टेबलवर बसून केली. भर दुपारी. माझ्या ओळखीत सगळ्या श्रेया नाहीतर सानिका... तरी पेन थांबलं नाही. दोन नद्यांची नावं, एक कुठल्याशा देवीचं, एक तर मुली नकोशा झाल्या की ठेवतात तसलं. आई वाकून वाचत हसली. "ही गं कुठनं काढलीस? असली नावं माझ्या आजीच्या गावात असायची." मी यादी पाकिटात घातली, वर तारीख टाकली. तोवर त्या गावातल्या एकाही बाईला मी पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या फेरीत दहा मुलाखती झाल्या. कोण आधी, कोण नंतर हे अंगणवाडीच्या ताईंनी ठरवलं - शेतातून जी मोकळी होईल ती. मला बोलायला जमत नाही, ऐकायला जमतं. त्यामुळे काम बरं झालं.

दुसऱ्या फेरीत लिहिलेलं जिचं तिला वाचून दाखवायचं असतं, काही चुकलं का विचारायला. मुलं घरी गेल्यावर अंगणवाडीच्या ओट्यावर बसलो. पहिल्या आजींचं मी वाचायला लागले, त्यांना दिलेल्या नावानंच.

"थांब गं माय," त्या म्हणाल्या. "हे नाव तुला कोणी सांगितलं?"

"मीच ठेवलंय, आजी. तुमचं खरं नाव येऊ नये म्हणून."

"मग खोटं ठिवायचं की! हे तर माझं म्हायेरचं हाय."

लग्नात नाव बदललेलं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं त्यात बोटानं नवं नाव काढलं, संपलं. आधारवर नवं, मुलांना ठाऊक नवं. मला वाटलं, योगायोग.

मग दुसऱ्या बाई. मग तिसऱ्या.

चौथीपर्यंत ओट्यावर हशा सुरू झाला होता. "माझ्या बापाला इचारून आलीस का गं? जाऊन पंधरा वर्सं झाली त्याला!" एकीनं दुसरीला जुन्या नावानं हाक मारली आणि दोघीही डोळे पुसायला लागल्या. नकोशीचं नाव जिच्या वाट्याला आलं, ती तेवढी हसली नाही. "ह्ये तरी चुकवायचं होतंस," म्हणाली.

नऊच्या नऊ.

दहाव्या बाई आल्याच नाहीत. संध्याकाळच्या आत मीच त्यांच्या घरी गेले. त्या सुपात तूर निवडत होत्या. त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी सुनेला दुकानात पिटाळलं.

"माझं बी हाय का कागदावर?"

"हो."

"वाच. हळू वाच."

मी नाव वाचलं. सुपातला हात थांबला.

"ती मेली," त्या म्हणाल्या. "देवणीकडं. हिरीवर घागर अन् चपला सापडल्या. दहावा घातला तिचा. नवऱ्यानं दुसरी केली."

"आणि... तुम्ही?"

"मी हितं हाय न्हवं." मग आवाज आणखी खाली. "ह्या घरात कुणाला ठावं न्हाई. नातीची सोयरीक चालू हाय, त्याच बाजूला. फाड माय ते."

मी त्यांच्या मुलाखतीचे चारही कागद फाडून चुलीत घातले. फोनमधलं रेकॉर्डिंग आणि लिहून घेतलेलं त्यांच्यासमोर डिलीट केलं. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"एकडाव परत म्हण. मग जाय."

मी ते नाव परत म्हटलं. त्या "ओ" म्हणाल्या.

नांदेडला येऊन मी नऊही रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. माहेरचं नाव कुणीच कुठे घेतलेलं नाही. यादीवरची तारीख मुलाखतींच्या आधीची. त्या भागात आमचं कुणी नाही.

सबमिशनला दोन दिवस होते. मॅडमनी फाइल चाळली.

"नऊ? मंजुरी दहाची आहे."

"एकींनी माघार घेतली, मॅडम."

"कारण?"

"सांगता येणार नाही."

"रेकॉर्डिंग?"

"डिलीट केलं."

"मग ती बाई होती, हे मी कशावरून धरू? घरी बसून आकडे भरणाऱ्या मुली खूप पाहिल्यात मी. नऊवर सही होणार नाही. वर्ष गेलं तर जाऊ दे."

ती बाई कोण, हे सांगणारं एक वाक्य पुरलं असतं. ते एक वाक्य मी गिळलं.

"ती यादी आण," मॅडम म्हणाल्या. "आता बघावीच लागेल."

यादीत प्रत्येकीच्या खोट्या नावासमोर लिहिलेली खरी नावं मी आधीच कापून टाकली होती. दहावं नाव काळ्या स्केचपेननं गिरवून मिटवलं होतं. मॅडमचं बोट एकेका नावावरून खाली आलं, काळ्या पट्टीवरून गेलं आणि अकराव्यावर थांबलं.

"हे कुणाचं?"

"जास्तीचं, मॅडम. तुम्हीच ठेवायला सांगितलं होतं. वापरलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला.

"हे नाव तुला कोणी सांगितलं?"

तेच वाक्य. गावात काय घडलं, ते मी मॅडमना सांगितलंच नव्हतं.

"कुणी नाही, मॅडम."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझ्या पाउचमधला स्केचपेन घेतला आणि अकरावं नाव स्वतः गिरवलं... सावकाश, एकेक अक्षर. मग नऊवर सही केली. "जाताना दार ओढून घे," एवढंच म्हणाल्या.

मी पास झाले. हल्ली सर्व्हेची कामं करते, बायकांना नंबर देते. नाव ठेवायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला तरी ठेवायला सांगते. कारण मला अजूनही सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर मला खरंच हवंय.

मागच्या महिन्यात अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला होता. दहाव्या बाईंच्या नातीचं लग्न झालं, देवणीकडेच. सगळं नीट पार पडलं, फक्त आजीनं एक अट घातली होती म्हणे, आणि ती का घातली हे घरात कुणालाच कळलं नाही.

पोरीचं नाव बदलायचं नाही. तांदळाचं ताट त्यांनी समोर येऊच दिलं नाही.