अक्षयाचा अर्धा धडा

मानसशास्त्र हा शब्द आमच्या खाडीकाठच्या वाडीत आणला तो गुणाजी तांडेलाच्या लेकीने, अक्षयाने. ती रत्नागिरीच्या मिशन कॉलेजात शिकते. पहाटे आईबरोबर मासळीच्या टेम्पोतून जायची. आई बाजारात उतरायची, ही पुढे. सिस्टरांनी शिकवलेलं संध्याकाळी पडवीत मोठ्याने म्हणायची.

"काय गो, माझ्या मनात काय चाललाय ता सांग," शेजारची यमुनाबाई चिडवायची.

"पापलेट!" अक्षया म्हणायची, आणि पडवी हसायची.

ते हसणं यंदाच्या वैशाखात थांबलं. बाप तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आणि भाऊ केतन त्याच बोटीवर खलाशी. जाळं सोडताना जोडीच्या खलाशाचा, बाबल्याचा, पाय दोरात गुंतला आणि तो जाळ्याबरोबर खाली गेला. केतन हातभर अंतरावर उभा होता. जाळं वर आलं, बाबल्या आला नाही. तेव्हापासून केतन समुद्राकडे पाठ करून बसू लागला. झोपेतून ओरडत उठू लागला.

पावसाचा जोर ओसरला, नव्या हंगामासाठी बोटी रंगवून झाल्या. गुणाजीला लाज खाऊ लागली. "नेपाळची पोरं डोंगरातून येऊन जाळी ओढतात, नि तांडेलाचा पोर चुलीपाशी!"

"आबा, त्याला डॉक्टरकडे नेऊया," अक्षया म्हणाली.

"येड्यांच्या इस्पितळात? मग ह्याला पोरगी कोण देल? तुझ्या पुस्तकात काय लिवलाय ता सांग."

बापाने तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. ती फुलून म्हणाली, "ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर गेलं की भीती मोडते."

"मग मी तरी काय वेगळा सांगतंय?" बाप आईकडे वळला. "सत्यवती, ऐकलंस? सिस्टरबी हाच शिकवते!"

पुढचा धडा तिच्या ओठांवर होता. आधी नुसता किनारा, मग नांगरलेली बोट, तेही त्याची तयारी असेल तर. तो नको म्हणाला की थांबायचं. पण कित्येक दिवसांनी बाप हसत होता. उद्या सांगू, असं तिने ठरवलं.

ते राहून गेलं. नारळी पौर्णिमेला कॉलेजात चाचणी होती, ती गेली. इकडे समुद्राला नारळ वाहिला आणि गुणाजीने केतनला दंडाला धरून बोटीपाशी आणलं.

केतनने आईकडे पाहिलं. "अक्षया बोलली?"

"व्हय रे, तीच बोलली."

तो मुकाट चढला.

खाडीच्या मुखाशी लाटा उभ्या राहिल्या तसा तो भेदरून बोटीच्या काठाकडे धावला. खलाशांनी धरला. उडी मारील म्हणून बापाने त्याला जाळ्याच्या दोराने केबिनच्या खांबाला बांधलं, आणि बोट वळवली नाही. बाबल्या गेला तिथवर नेली. भीती एकदाची मोडू दे, म्हणाला.

संध्याकाळी केतन उतरला तो गप्प. ओरडणं बंद झालं. बरा झाला, असं वाडी म्हणाली. दोन दिवस गुणाजीही म्हणाला. मग कळलं की तो बोलतच नाही. शेवटी बापानेच त्याला इस्पितळात नेलं. गोळ्या चालू आहेत. वेळ लागेल, म्हणतात.

आईने घास भरवला तर तो खातो. बाप जवळ बसला तर बसू देतो. अक्षयाचा आवाज ऐकला मात्र, की त्याचे खांदे आखडतात आणि तो उठून आतल्या खोलीत कोपरा धरतो.

म्हणून ती घरात बोलत नाही. कॉलेजातून आली की अंगणात उभी राहून आईला खुणेने विचारते, झोपला का? आई मान हलवते. तो जागा असला, तर अक्षया बाहेरच थांबते.