थंड हवेत ठेवलेलं चामडं

गिरण्यांचा संप सुरू झाला. ह्यांनी डबा घासून फळीवर ठेवला आणि मी कामावर गेले.

तो दिवस एवढाच होता. करी रोडच्या आमच्या चाळीत सगळे म्हणत होते, मिटेल. मग म्हणायचं बंद झालं. एकेक खोलीला कुलूप लागू लागलं, माणसं गावी जाऊ लागली. मी फोर्टात एका कंपनीच्या ग्रंथालयात होते. संध्याकाळी जिना चढताना आधी आमच्या दाराकडे पाहायची.

हे रोलर खात्यात होते. सूत ओढणाऱ्या रोलरवर चामडं चढवायचं, हे ह्यांचं काम. इतर गिरण्यांत रबर आलं होतं, ह्यांच्या गिरणीत सूत काढायच्या जुन्या साच्यांना अजून मेंढीचं चामडं लागायचं. चामड्याच्या कडा रापीने तासून, एकमेकींवर चिकटवून नळी करायची आणि ती रोलरवर घट्ट ओढून बसवायची. सांधा बोटाला लागला तर तो सुतालाही लागणार, धागा तुटणार. सांधा तपासताना हे डोळे मिटून घेत, असं त्यांच्या खात्यातला एक जोडीदार सांगायचा.

त्याच जोडीदाराने ह्यांना फोर्टातल्या एका दुकानाचं नाव सांगितलं. तिथे बायकांच्या महागड्या चामडी बॅगा विकत. मालकाने तपकिरी चामड्याचा एक तुकडा, अस्तराचं कापड आणि पितळी खटका दिला आणि म्हणाला, "एक बनवून दाखव. पसंत पडली तर काम चालू."

घरी आल्यावर हे म्हणाले, "पास झाली तर बघू. नाहीतर मी गावी जातो. तू इथं राहा, तुझी नोकरी आहे."

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या बाईचा नवरा असाच गावी गेला होता. आधी पावसापुरता, मग गणपतीपर्यंत, मग ती त्याच्याबद्दल बोलेनाशी झाली.

कामाला बसण्यापूर्वी ह्यांनी दारं-खिडक्या लावल्या आणि ओल्या चादरी खोलीभर टांगल्या. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवेत पाण्याचे फवारे सोडत. तिथे ह्यांनी चामडं नेहमी तशाच दमट हवेत ओढलेलं. कोरड्या हवेत चामडं ऐकत नाही, असं म्हणायचे. त्या ओलाव्यात माझी पुस्तकं फुगत होती. मी ती गुंडाळून माळ्यावर टाकली.

शेजारच्या मालवणच्या काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय रे झिला, घरात कातडां हाडलंस? देव खंय ठेवलंस?"

"देव वर फळीवर आसत, काकी. तेंका काय त्रास नाय."

"तेंका नाय रे. माका वास येता."

"मग तुमी थोडे दिवस देवाकडे जावन रवा."

काकी हसत गेल्या. संपानंतर मी ह्यांना थट्टा करताना पहिल्यांदाच ऐकत होते. त्यामुळे मला उलट जास्तच धास्ती वाटली.

बॅग झाली. झाकण अंगाबरोबर बसत होतं, खटका हलक्या हाताने लागत होता. दोन सुया समोरासमोर घालून शिवलेली ती शिवण दोन्ही बाजूंनी सारखी दिसत होती. मालकाने उलटून पालटून पाहिली, कौतुक केलं आणि काचेच्या कपाटात ठेवली. "राहू दे. शुक्रवारी या."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मीही गेले. मालकाने बॅग काउंटरवर ठेवली. झाकण वर वळलं होतं. त्यावरची पट्टी खटक्यापर्यंत पोचतच नव्हती.

"काय मिस्त्री, बॅग आहे की पापड?"

ह्यांनी झाकण दाबून धरलं, सोडलं. ते पुन्हा वर आलं. मग मान वर करून दुकानभर पाहिलं. एसी चालू होता. माझ्या ते लक्षात आलं नाही, ह्यांच्या आलं. ओलं ओढलेलं चामडं इथे वाळून आखडलं होतं, आतलं कापड तेवढंच राहिलं होतं. गिरणीतलं चामडं गिरणीच्याच हवेत चढायचं आणि तिथेच झिजायचं. बाहेरची हवा त्याला कधी लागलीच नव्हती.

"अजून एक तुकडा द्या," हे म्हणाले.

मालकाने एक तुकडा काढून काउंटरवर टाकला. "शेवटचा," म्हणाला.

फुटपाथवर ह्यांनी मला विचारलं, "तुमच्या लायब्ररीत थंड हवा असते ना?"

मी आमच्या मुख्य ग्रंथपालांकडे गेले. सगळं सांगितलं.

"चामडं? इथे?" त्यांनी चष्मा काढला. "बाई, आपली अर्धी जुनी पुस्तकं चामड्यातच बांधलेली आहेत. ठेवा. पण कुणी विचारलं तर मला माहीत नाही."

नकाशांच्या सपाट खणात मी तो तुकडा पसरला. दर तासाला काहीतरी निमित्त काढून तिकडे जायची आणि वास घ्यायची. चामडं मुरलं, तेव्हा हे घेऊन गेले. ह्या वेळी चादरी टांगल्या नाहीत, ओढाताण केली नाही. सैल हाताने शिवताना त्यांना फार त्रास झाला. सवयीने हात ताणायचा, मग ते थांबायचे.

दुसरी बॅग दुकानात ठेवल्यावर मी रोज जेवणाच्या सुट्टीत समोरच्या फुटपाथवरून काचेत बघून यायची. आत जायची हिंमत नव्हती. डबा तसाच परत आणायची. झाकण खाली आहे की वर आलंय, तेवढंच बघायचं. एका दुपारी बॅग कपाटात दिसलीच नाही. परत टाकली, असं समजून मी ऑफिसात येऊन बसले. कार्डं लावताना अक्षरं दिसेनात.

संध्याकाळी हे घरात होते. मांडीवर चामड्याची मोठी गुंडाळी होती.

"विकली गेली," म्हणाले. "एका बाईने खांद्याला लावूनच नेली."

हे गावी गेले नाहीत. गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला, तोपर्यंत हे त्या दुकानासाठी शिवत होते. वर्षांनुवर्षं वापरलेल्या बॅगा कधी नवीन अस्तरासाठी परत यायच्या. हातांच्या तेलाने काळसर झालेल्या, नव्यापेक्षा देखण्या. बॅग घेऊन आलेली बाई काय सांगतेय ते ऐकण्याआधी हे झाकण दाबून पाहायचे. मलाही त्या वेळी श्वास रोखायची सवय लागली, ती गेली नाही. ह्यांच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंची बॅग खुर्चीवर होती. ह्यांनी मला खुणेने तिच्याजवळ पाठवलं. मी झाकण दाबलं, ते खालीच राहिलं. मी होकाराची मान डोलावली.

हे गेल्यापासून मी हे थोडं थोडं लिहिते आहे. त्यांच्या बॅगांवर दुकानाचं नाव असायचं, ह्यांचं कधीच नाही. दुकानही आता नाही. बॅगा कुणाकुणाच्या घरी असतील. माझ्याकडे एकही नाही.