तापीच्या पुराची वेळ

साठीच्या दशकात मी नंदुरबारच्या एका सरकारी कचेरीत तापीचा पूर मोजायचो. नदीकाठी उभा राहून नव्हे, टेबलापाशी बसून. वरच्या गावांहून पाण्याच्या उंचीची तार आली, की ती लाट आमच्याकडे कधी पोचेल याचं गणित करायचं. कागदावर नदीचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात किती पाणी शिरलं, किती साठलं, किती पुढे गेलं, ते आकडेमोडीच्या यंत्राचं हँडल फिरवून काढायचं. आता हे काम संगणक करतो म्हणे. तेव्हा संगणक मीच होतो, आणि माझा खांदा दुखायचा.

बरेचदा उत्तर निघेपर्यंत पाणी येऊन गेलेलं असायचं. वरातीमागून घोडं.

एका आषाढात मात्र उत्तर वेळेत निघालं: पाणी दिवेलागणीला येईल. काठच्या गावांत कोतवालांनी तशी दवंडी दिली. त्यातल्याच एका गावात माझी थोरली बहीण दिलेली. तिकडे पूर आला की बायका खणानारळाने तापीची ओटी भरतात, तीही घाटाच्या खालच्या पायरीला नवं पाणी लागताना. एरवी ती वेळ कुणाला कळायची नाही. आता सरकारनेच मुहूर्त काढून दिला होता. दवंडीत ‘घाटावर जाऊ नका’ हेही होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

पाणी भर दुपारीच आलं. नदी आधीच भरलेली असली की लाट जोरात धावते, हे आमच्या गणितात नव्हतं. मेव्हण्यांचं काठावरचं ऑइल इंजिन वाहून गेलं. घाट बुडाला, पण बायका अजून घरीच होत्या.

राखीला बहीण आली ती रुसूनच. म्हणाली, “भाऊ, तुन्ही येळ चुकनी. ओटी घरमाच ऱ्हायनी.”

वेळ चुकली म्हणून तू वाचलीस, हे मी तिला परोपरीने सांगितलं. तिने राखीची गाठ घट्ट केली.

“माय शे ती. पुढला साल बरोबर येळ सांगजो.”

साहेबांनाही तेच हवं होतं. वर्षभर मी त्याच पुराचं गणित पुन्हा पुन्हा केलं. अगदी कंटाळून गेलो. शेवटी एकदा उत्तर आलं: भर दुपार. साहेबांनी खूश होऊन चहा मागवला. मला मात्र खालच्या पायरीवर ओटी घेऊन उभी असलेली बहीण दिसत होती.