एक ठाणे, मास्तर

असले अनुभव मी आवडीनं वाचते, पण खरं सांगायचं तर विश्वास ठेवून कधीच वाचले नाहीत. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, भूतबित काही नसतं असंच मुलांना सांगत आले आणि आजही तेच सांगेन. लिहितेय ते माझ्या सख्ख्या भावाबद्दल... त्याला भूत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. भिवंडीत कामतघरला आम्ही चौघं – आई, थोरला भाऊ वसंतदादा, नलूवहिनी आणि मी. चहूकडे लूम, म्हणजे यंत्रमाग. तो खडखडाट इतका अंगवळणी पडलेला, की रात्री वीज गेली की शांततेनं जाग यायची. दादा ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून, मी पूर्ण्याच्या शाळेत. आता पूर्ण्याला गोदामांशिवाय काही दिसत नाही. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातशेती होती. सकाळी आम्ही एकाच एसटीनं निघायचो. मी पूर्ण्याला उतरायचे, दादा पुढे कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याला.

दादा अतिशय सरळ माणूस. गाडीत बसला की सुटे पैसे हातात काढून ठेवायचा आणि कंडक्टर जवळ आला की म्हणायचा, "एक ठाणे, मास्तर." अशा माणसाकडे कंडक्टर तिकीट मागेनासे झाले.

पहिल्यांदा आम्ही हसलो. म्हात्रे म्हणून कंडक्टर होते, ओळखीचे. त्यांनी माझं तिकीट दिलं, शेजारी बसलेल्या दादाचा पुढे आलेला हात तसाच ठेवून मागच्या बाकाकडे वळले. दादानं दोनदा हाक मारली. ऐकलं नाही. संध्याकाळी दादानं सांगितलं, ठाण्याला उतरताना त्यानं पैसे थेट त्यांच्या हातावर ठेवले, तेव्हा ते चमकून म्हणाले, "अरे साहेब, तुम्ही कधी चढलात?"

गर्दीत होतं असं. पण मग रिकाम्या गाडीतही होऊ लागलं. दुसऱ्या कंडक्टरकडून, तिसऱ्याकडून. मी "एक पूर्णा, एक ठाणे" म्हटलं की प्रश्न यायचा, "ठाणे कोणाचं?" मी दादाकडे बोट दाखवायचे. तो माणूस डोळे बारीक करून बघायचा, जणू धुक्यातून बघतोय, आणि मग तिकीट फाडायचा. येताना मी बरोबर नसायचे. तेव्हा दादा उतरायच्या वेळी कंडक्टरचा दंड धरून पैसे द्यायचा.

"फुकट प्रवास होतोय, मजा आहे की तुझी," मी एकदा चेष्टा केली.

तो हसला नाही. म्हणाला, "सुनी, काल दंड धरला तर तो माणूस किंचाळला गं. सगळी गाडी बघायला लागली... त्याच्याकडे. माझ्याकडे कोणीच बघितलं नाही."

वहिनीनं त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, गप्पा मारल्या, टॉनिक लिहून दिलं. त्यांना तो व्यवस्थित दिसत होता. घरात, कचेरीत, बाजारात – सगळ्यांना दिसत होता. फक्त एसटीत...

त्या दिवशी सोमवार होता. गाडी खचाखच. मला पुढे जागा मिळाली, दादा मागे दांड्याला धरून उभा. कंडक्टर म्हात्रेच होते. गर्दीतून मागे जाऊन त्याचं तिकीट काढणं शक्यच नव्हतं. पूर्ण्याला मी उतरले, गाडी सुटली आणि मागच्या खिडकीतून दादा मला दिसला. पैशांची मूठ छातीशी धरलेली. हात हलवला नाही त्यानं. नुसता बघत राहिला.

संध्याकाळी तो घरी आला नाही.

कचेरीत चौकशी केली तर सकाळपासून आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मी डेपोत गेलो. म्हात्रे भेटले.

"ताई, मुलाबाळांची शपथ," ते म्हणाले, "काल पुलाच्या अलीकडे चेकर चढले. एकेकाचं तिकीट बघितलं. विनातिकीट एकही माणूस नव्हता गाडीत. आणि पूर्ण्यापासून तिथपर्यंत कोणी उतरलं नाही."

"माझे मिस्टर होते गाडीत," वहिनी म्हणाली. "हिनं बघितलंय."

"मग त्यांच्याकडे तिकीट असणार ना, वहिनी?"

नव्हतं. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

पोलिसांनी विचारलं, घरात भांडण झालं होतं का? कर्ज होतं का? बाई? वहिनी मान खाली घालून प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत राहिली. त्यांनी खाडीत होड्या घातल्या. तिथला एक म्हातारा आगरी होडीवाला वर येऊन मला म्हणाला, "बाय, खारीन कोनी परला नाय. परला असता त आमाला गवसला असता." त्यानंतर आईनं कुणाचं तरी ऐकून शेलारच्या पलीकडच्या पाड्यावर एका भगताकडे आम्हाला नेलं. मी विरोध केला, पण गेले. त्यानं बराच वेळ तांदळाचे दाणे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. शेवटी नारळ परत आईच्या ओटीत टाकला. "मेल्यात न्हाय तो. जित्यांत बी न्हाय गावत. मी कुठं बघू?"

आई त्याच वर्षी गेली.

त्यानंतर एका दुपारी म्हात्रे आमच्या घरी आले. फार वाळले होते. पाणीसुद्धा न पिता त्यांनी विचारलं, "तुमचे भाऊ तिकीट मागताना काय म्हणायचे?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"पूर्णा गेलं की मागून आवाज येतो, ताई. रोज नाही. 'एक ठाणे, मास्तर.' अगदी नम्र आवाज. मी तिकीट फाडतो, वळतो... कोणी हात पुढे करत नाही." मग वहिनीकडे बघून म्हणाले, "मी बदली मागितलीय. सांगितल्याशिवाय जायला नको वाटलं."

पुढच्या सोमवारी वहिनी दादाच्या वेळेच्या गाडीत बसली आणि ठाण्याची दोन तिकिटं काढली. मग दर सोमवारी. दुसरं तिकीट शेजारच्या जागेवर ठेवायची, जागा कोणी मागितली तर मांडीवर घ्यायची. लोक वेडी म्हणायचे. मीही रागावले, रडले. तिनं ऐकलं नाही. अशी काही वर्षं गेली.

ब्याण्णवच्या सुमाराचा एक सोमवार. ती ठाण्याहून परत आली ती सरळ देवापाशी गेली. गळ्यातलं मंगळसूत्र स्वतःच्या हातानं काढून ताम्हनात ठेवलं. मी धावत गेले.

"पुलावर तिकीट हातातून घेतलं त्यांनी," ती म्हणाली. आवाजात कंप नव्हता. "खिडक्या बंद होत्या, सुनंदा. पाऊस होता."

"अगं, पडलं असेल खाली..."

"ठाण्याला पायरीवरून कोणीतरी माझ्या पुढे उतरलं. पोचले ते."

त्यानंतर ती कधी एसटीत बसली नाही. मी मात्र निवृत्त होईपर्यंत त्याच गाडीनं जात राहिले, दर वेळी मागच्या खिडकीकडे बघत. वहिनी म्हणते तसा दादा पोचला असेल तर बरंच झालं. पण इतकी वर्षं तो कुठं होता, आणि पोचला तो कुठं, हे मला आजवर कळलेलं नाही.