कोणी केलं?

आमच्या समोरच्या घरातला बॅगवाला म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोकांच्या फाटक्या बॅगा शिवायच्या आणि आईला सांभाळायचं, एवढाच त्याचा संसार. म्हातारीच्या डोक्यातलं एकेक पुसलं जात होतं. दात मात्र शाबूत आणि जीभ त्याहून तिखट. अळंबी तिचा जीव की प्राण. तव्यावर जरा जास्त राहिली की ओरडायची, "दादा, दिवसभर चामडं शिवतोस, आता मलाही तेच खायला घालतोस?" म्हणून हा बिचारा एकदोनदा परतून कच्चटच उतरवायचा.

एका दुपारी त्याची धाकटी बहीण आली. आई अळंबीची ताटली घेऊन बसलेली. पाठ खाजते म्हणून आईने कपडा वर केला. पाठभर लाल वळ, पट्ट्याने फोडून काढल्यासारखे. भिंतीवर बॅगांचे चामडी पट्टे टांगलेले होतेच.

"आई, कोणी केलं हे?"

म्हातारीने ताटलीकडे पाहिलं आणि कौतुकाने म्हणाली, "दादाने केलं. रोज करतो."

मी दारातच होते. "अगं, ती अळंबीचं सांगतेय!" मी म्हटलं.

"मग वळ कुठून आले?"

बॅगवाला शिवण टाकून आला, नुसता "मी नाही गं, मी नाही," म्हणत राहिला. बहीण आईला आपल्या घरी घेऊन गेलीसुद्धा.

तिकडच्या डॉक्टरांनी पाठ पाहून विचारलं, "नीट न शिजलेली अळंबी खाल्ली होती का?" काहींना त्यातून असेच वळ उठतात म्हणे, आणि आपोआप जातात. बहिणीने फोनवर हंबरडा फोडला. "चुकले रे दादा. ये, आईला घेऊन जा."

वेड्यासारखा धावला तो. बहीण म्हणाली, "आई, बघ, दादा आलाय." तो शब्द ऐकताच म्हातारी भिंतीला चिकटली. "मारू नकोस रे!" त्या घरात आल्यागेल्याला तिची पाठ दाखवून एकच सांगितलं गेलं होतं, दादाने मारलं. नवऱ्याचं नाव विसरलेल्या बाईच्या डोक्यात नेमकं हेच रुतून बसलं. देवाला काही लाजबिज आहे की नाही? वळ गेले, हे गेलं नाही.

आता तो दर आठवड्याला तिकडे जातो. त्याचा चेहरा तिला आता आठवत नाही, म्हणून त्याला तिथे कोणी दादा म्हणत नाही, बॅगवाला म्हणतात. तिच्या पिशवीचा धडधाकट बंद उसवून पुन्हा शिवत बसतो. ती जवळ सरकते, दबक्या आवाजात सांगते, "माझा मुलगा मला मारायचा हो."

"आता नाही मारणार, आजी," तो म्हणतो.