‘लय’ कोण म्हणतं?

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आई होती तेव्हा तिलाही नाही. आणि माझ्या ओळखीतल्या कुणालाही विचारा, माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून मी बदनाम आहे. तरी हे एवढं राहिलं. तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — नाही, तसंही नाही. सांगायचं ठरवलं म्हणून सांगते. माझं एकदा ठरलं की ठरलं.

आधी मी कोण ते ऐका. नाशकात कंप्युटर, नेट आणि कायदा हा विषय निघाला की महिला मंडळवाले मला बोलावतात. मी बोलते, आणि चांगली बोलते. परदेशातली कंपनी तुम्हाला फुकटात ईमेल देते, फोटो ठेवायला जागा देते, ती काय तुमची मावसबहीण लागते? — असं विचारलं की बायका हसतात आणि मग गंभीर होतात. आपल्याकडे कायदा पंगत उठल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखा येतो, हेही माझंच वाक्य. आणि नेटवर तोंड लपवून दुसऱ्याची बदनामी करणारा माणूस भेकड असतो, हे तर मी टेबलावर हात आपटून सांगते. यातलं एकही मत मी आज मागे घेणार नाही. सगळी बरोबर आहेत. मी नाही त्यातली, कडी लाव आतली — असं माझ्याबद्दल कुणी म्हणालं असतं तर मात्र तेही बरोबरच ठरलं असतं.

तर — कॉलेज रोडवर आमच्या सरांचा एक कंप्युटर क्लास होता. मी तिथं नव्वदच्या दशकाच्या शेवटी शिकवायला लागले. तेव्हा कंप्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं, देवघरात गेल्यासारखं. धुळीनं मशीन बिघडतं म्हणे. मुलं फाटके मोजे लपवत आत यायची आणि मी खुर्चीवरून सांगायची, माऊस असा धरा, उंदीर पकडल्यासारखा नको. माझा दरारा होता. सरांनंतर मीच, हे तिथं सगळे धरून चालायचे. मीही.

पुढे काही वर्षांनी सुवर्णा आली. चांदवडची, घरची कांद्याची शेती. सातपूरला कंपनीत असलेल्या मामाकडे राहायची आणि बसनं यायची. हुशार होती, अगदी मान्य करते. पण बोलणं! ‘हे लय सोपं हाय, घाबरायचं नाय,’ असं म्हणत ती शिकवायला उभी राहायची आणि वर्ग तिचा व्हायचा. माझ्या वर्गात मुलं गप्प बसायची, तिच्या वर्गात शंका विचारायची. यातला फरक मला तेव्हाही कळत होता. मी तिला दुरुस्त करायची. सुवर्णा, ‘खूप’ म्हण, ‘लय’ नको. ती हसायची. म्हणायची, “ताई, खूप म्हटलं की लय वाटतच नाय.”

मला ती ताई म्हणायची. डब्यातली शेंगदाण्याची चटणी आधी माझ्या झाकणात वाढायची. हे सांगायला नको होतं का? सांगायलाच हवं.

मग सरांनी सिन्नरला शाखा काढायचं ठरवलं. शाखेला प्रमुख हवी. मी मनातल्या मनात नाही म्हणायची तयारीसुद्धा केली होती — रोज सिन्नरच्या जीपमध्ये कोण कोंबून घेणार? सर विचारणार, मी आढेवेढे घेणार, ते आग्रह करणार. सरांनी विचारलंच नाही. सगळ्यांसमोर सुवर्णाचं नाव घेतलं. कारण काय, तर तिथल्या मुलांना तिची भाषा जवळची वाटेल. भाषा! जी मी रोज घासून पुसत होते ती!

सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिचे वडील त्या वर्षी तिचं लग्न उरकणार होते. शाखेची मोठी मॅडम झालीस तर थांबतो, नाही तर नाही, असं त्यांनी सांगितलेलं. म्हणजे ती शाखा म्हणजे तिच्यासाठी नुसती नोकरी नव्हती. तिला स्वतःच्या पायावर उभं राहायला मिळालेली जागा होती. हे तिनं मला त्याच दुपारी सांगितलं, माझा हात धरून. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तुम्हाला ते दिवस आठवत असतील. जो तो त्या एकाच साइटवर पडलेला असायचा. फोटो लावायचे, एकमेकांच्या पानावर काहीबाही लिहायचं, ‘आम्ही अमक्या कॉलेजचे’ म्हणून गट काढायचे. आमच्या क्लासच्या मुलांचाही गट होता. मराठी लिहायची ती इंग्रजी अक्षरांत, जशी बोलतो तशी. कुणीही खोट्या नावानं आत शिरावं आणि काहीही लिहावं.

मी शिरले. पंचवटीत एका कॅफेत गेले, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं, आणि खोट्या नावानं लिहिलं की या क्लासमध्ये परीक्षेचे पेपर आधीच फुटतात, सर आपल्या लाडक्या मुलांना ते देतात. धादांत खोटं होतं. सर हिशेबी होते, तापट होते, पण पेपर कधी फोडला नाही. चार ओळी लिहिल्या, बाहेर आले, भाजी घेतली आणि घरी गेले. मला काही वाटलं का? हलकं वाटलं. खरं सांगते.

हा झाला खोटेपणा. पण मी जे सांगायला बसले आहे ते अजून पुढे आहे. थांबा.

दुसऱ्या दिवशी गहजब झाला. पालकांचे फोन, मुलांची कुजबुज. सर पोलिसांत गेले. तिथल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, कंपनीचं ऑफिस कुठं आहे — सातपूरला का अंबडला? अमेरिकेत आहे म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सरांनी कंपनीलाच तक्रार पाठवली. तिकडून आपोआप येणारं इंग्रजी उत्तर आलं, आपण संपर्क साधलात याबद्दल आभार. सरांना वाटलं तपास सुरू झाला. ते आम्हाला म्हणाले, दोन दिवस थांबा, कंपनीला सगळं माहीत असतं, नाव येणार. आणि मी — नेटचं एवढं ज्ञान असलेली बाई — घाबरले. कंपनी माझं नाव आत्ता पाठवते की मग पाठवते!

कंपनीनं काही पाठवलं नाही. कायद्यालाही काही सापडलं नाही. जे सापडलं ते आमच्या रिसेप्शनवरच्या शीतलला.

सरांनी सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं होतं. पडद्यावर तो मजकूर मोठा करून लावला होता. शीतलनं मोठ्यानं वाचला — इथं लय घोळ हाय, पेपर आधीच फुटत्यात, कोणाला सांगून उपेग नाय. वाचता वाचता ती थांबली आणि सहज म्हणावं तशी म्हणाली, “आपल्यात ‘लय’ कोण म्हणतं?”

कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. नुसत्या माना वळल्या.

सुवर्णा उभी राहिली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, “मी नाय लिवलं, सर. आईची आण, नाय लिवलं.” आणि तिच्या प्रत्येक ‘नाय’बरोबर सगळ्यांची खात्री अजूनच पक्की होत गेली. पोरगी नाही म्हणत होती आणि तिचं नाही म्हणणंच तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं. जिला नुकतीच शाखा मिळाली ती सरांविरुद्ध का लिहील? एवढा साधा प्रश्न त्या खोलीत एकालाही पडला नाही. मला पडला होता. मी मूग गिळून बसले.

नाही — नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ ठीक. मी बोलले. सगळ्यांत मोठी म्हणून उठून उभी राहिले आणि म्हणाले, जाऊ द्या सर, खेड्यातून आलेली आहे, गमतीत लिहून गेली असेल, तिला कुठं कळतं याचं काय होतं ते. माफ करा तिला. सर म्हणाले, बघा, याला म्हणतात मोठं मन.

जिन्यात सुवर्णानं मला गाठलं. रडत होती. म्हणाली, “ताई, तुमीच एकट्या माह्या बाजूनं बोलल्या.” तिनं माझे पाय धरले असते, मी तिला वर उठवलं.

आता ते. इतकी वर्षं मी स्वतःला समजावलं की ‘लय’ माझ्या हातून आपोआप गेलं. शेजारी बसून बसून जिभेवर आलं असेल, होतं असं, माणूस ज्याच्या संगतीत राहतो तसं बोलतो. फार सोयीचं आहे हे. पण खोटं आहे. मी तो मजकूर आधी माझ्या भाषेत लिहिला होता. ‘खूप घोळ आहे,’ असा. शुद्ध, नेटका, जसा माझ्या हातून जातो तसा. मग वाचून पाहिला. मग मागे गेले. खूप पुसलं आणि लय लिहिलं. आहे पुसलं, हाय लिहिलं. नाही पुसलं, नाय लिहिलं. एकेक शब्द. तिचा आवाज आठवून आठवून. ‘उपयोग’चं ‘उपेग’ केलं तेव्हा मला हसूसुद्धा आलं, इतकं जमलं होतं. सरांवर राग नव्हताच माझा, वड्याचं तेल वांग्यावर काढलं असंही नाही. त्या ओळी पहिल्यापासून तिच्यासाठीच लिहिल्या होत्या.

सिन्नरची शाखा सरांच्या भाच्याला मिळाली. मला नाहीच. सुवर्णाच्या मामाच्या कानावर गेलं, मामानं चांदवडला कळवलं, वडील येऊन तिला घेऊन गेले. कंप्युटर शिकून पोरीनं हे दिवे लावले, असं ते म्हणाले म्हणे. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मला आमंत्रण होतं. गेले नाही, काम निघालं म्हणून कळवलं.

काही वर्षांनी मला चांदवडच्या महिला मंडळानं व्याख्यानाला बोलावलं. ती येईल असं मनात आलं नव्हतं का? आलं होतं. तरी गेले. तेव्हा माझं नाव झालं होतं आणि मला वाटायचं, आता माझं कोण काय करणार. कंपन्यांवर बोलले, कायद्यावर बोलले, नाव लपवून लिहिणाऱ्या भेकडांवर तर रंगून बोलले. मग कुणाला काही विचारायचंय का म्हटलं, तर मधल्या रांगेतून सुवर्णा उठली. अंगानं भरली होती. हसली. शेजारणीला म्हणाली, या माझ्या ताई. मग मला विचारलं, “ताई, लिहिणारा सापडलाच नाही आणि दुसऱ्याचंच नाव झालं, तर ते कसं पुसायचं? माझ्या वडिलांना अजूनही वाटतं, ते मीच लिहिलं.” एकही ‘लय’ नाही, ‘नाय’ नाही. माझ्यासारखी बोलत होती.

मी कलमं सांगितली. कुठं अर्ज करायचा ते सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तिला कलमं नको होती. ती मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. पारावर तिचे वडील बसले होते, माहेरी आलेल्या लेकीला घरी न्यायला आले होते. ताई आल्यात, म्हणाली, आणि बाजूला उभी राहिली. मला कळलं तिला काय हवंय. त्या सगळ्यांत तिच्या बाजूनं बोललेली मी एकटी होते, वडील माझं ऐकतील असं तिला वाटत होतं. एक वाक्य पुरलं असतं. हिनं नाही लिहिलं. मी लिहिलं, हे म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं, हिनं नाही लिहिलं.

म्हाताऱ्यानं उठून हात जोडले. म्हणाला, “पोरीचं तेवढं चुकलंच, ताई. तुमी होत्या म्हणून हिचं नाव पोलिसांपत्तुर गेलं नाय.”

सुवर्णा माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, “होतं असं, काका. लहान होती तेव्हा.”